वाचकांचे प्रश्न : चंद्रा नदीकाठचा कच्चा रस्ता

प्रश्न : सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघे स्वतःच्या गाडीने हिमाचलला जाणार आहोत. चंद्रा नदीच्या काठाने जाणारा ग्रांफू ते बातल हा कच्चा रस्ता पाहण्याची फार इच्छा आहे. मनालीहून निघून त्याच दिवशी चंद्रताल हा तलाव गाठावा, असा बेत आहे. सोबत 63 वर्षांची आई असेल. हे जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : महिना आपण चांगला निवडला आहे, मात्र दिशा बदलावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मनाली सुमारे 2,000 मीटर उंचीवर आहे, तर चंद्रताल सुमारे 4,300 मीटरवर. एका दिवसात एवढी उंची गाठून तिथेच मुक्काम केल्यास विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणांनाही होतो. शिवाय तलावाच्या एका बाजूला त्याहून उंच कुंझुम खिंड आणि दुसऱ्या बाजूला हाच संथ रस्ता असल्यामुळे, रात्री कोणाची प्रकृती बिघडली तर चटकन खाली उतरण्याची सोय नाही. म्हणून शिमला, किन्नौर या मार्गाने हळूहळू चढत स्पिती खोऱ्यातील काझाला पोहोचावे, तिथे दोन रात्री राहावे, मग कुंझुम ओलांडून चंद्रताल पाहावा आणि परतताना मनालीकडे उतरण्यासाठी हा कच्चा रस्ता घ्यावा. आईंच्या बाबतीत निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. तलावाच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. मुक्कामाचे तंबू अलीकडे काही अंतरावर असतात.

बातल ते ग्रांफू हे अंतर जेमतेम 50 किलोमीटर असले, तरी त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस हाताशी ठेवावा. खरी अडचण खडीगोट्यांची नसून रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांची आहे. उन्हाने हिमनद्या वितळू लागल्या की दुपारनंतर त्यांचे पाणी चढते, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चार वाजता गाडी अडवतो. त्यामुळे उजाडताच निघावे. वाटेतल्या छोटा दर्रा या ठिकाणाजवळचा ‘पागल नाला’ आपले नाव सार्थ करतो! पाण्यात गाडी घालण्यापूर्वी खाली उतरून, आधीची वाहने कुठून गेली ते पाहावे. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एकसारख्या वेगाने पलीकडे जावे आणि बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्यावा. गाडीचे पोट जमिनीपासून फार खाली असेल, तर स्थानिक चालकाची जीप ठरवणेच शहाणपणाचे.

बातल आणि छोटा दर्रा यांच्या दरम्यान पलीकडच्या काठाला बडा शिग्री हिमनदीचे तोंड आहे. माती आणि दगडांनी ती इतकी झाकलेली आहे की अनेक प्रवासी डोंगराची घसरण समजून पुढे निघून जातात; तिथे मात्र आवर्जून थांबावे. ही चंद्रा पुढे तांदी येथे भागेला मिळते आणि चिनाब होते.

काझा सोडताना टाकी पूर्ण भरावी, कारण ग्रांफूपर्यंत वाटेत पंप नाही. स्टेपनी आणि हवा भरण्याचा पंप सोबत असावा, आणि मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नये.