वाचनातून सूट मागण्याआधी

प्रिय भगिनी,

आपला सातवीतला मुलगा बोलताना अडखळतो, हजेरीला ‘उपस्थित’ एवढा शब्दही त्याच्या तोंडून वेळेवर निघत नाही आणि मुले हसतात, म्हणून त्याला वर्गात मोठ्याने वाचायला लावूच नये अशी विनंती शिक्षिकांना करावी का, असे आपण इंदूरहून विचारले आहे. आपली तगमग मला कळते. तरीही त्याला न विचारता अशी सूट मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल त्या दिवसापुरते सुटते, पण आपण गप्प राहिलेलेच सर्वांना बरे वाटते, असा अर्थही ते त्यातून काढते.

रामबागेतल्या गणपतीच्या आरतीत तो खणखणीत म्हणतो, मग वर्गातले हे नाटक तर नव्हे, अशी शंका आपल्या सासूबाईंना येते. नाटक मुळीच नाही. गाताना किंवा इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेकांची वाणी मोकळी होते. अडखळण्याचे मूळ मेंदूतून होणाऱ्या उच्चारांच्या जुळणीत असते आणि पुष्कळदा ते घराण्यात चालत येते. भीतीने ते वाढते, भीतीतून जन्मत नाही. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असल्यानेही ते होत नाही, तेव्हा मराठी बंद करू नका, आणि वाणी सुधारावी म्हणून वेखंड देण्याचा आग्रहही सोडा.

आरतीतला हा अनुभव वर्गात उपयोगी पडेल. त्याने मित्रासोबत जोडीने, एका आवाजात वाचावे. हजेरीला हात वर केला तरी पुरे. क्रमांकाने वाचन घेतले की पाळी येईपर्यंतची वाट पाहणेच अशा मुलाला फार जड जाते, म्हणून त्याला आरंभीच वाचू द्यावे. तोंडी परीक्षा एकट्याची घ्यावी आणि घड्याळ लावू नये. शिक्षिकांनी त्याचा शब्द पुरा करू नये. ‘आराम से बोलो’ हे मायेने म्हटलेले असले, तरी त्याला ते आपली चूक दाखवल्यासारखेच वाटते.

लहानपणी सुमारे ५ टक्के मुले अडखळतात आणि त्यांतील बहुतेकांचे ते आपोआप थांबते. बाराव्या वर्षी तशी आशा कमी असते, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे अवश्य न्या, मात्र ‘पूर्ण बरा करतो’ अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.

शिक्षिकांना भेटण्यापूर्वी हे सर्व त्याच्यासमोर मांडा, त्याला काय हवे ते त्यालाच सांगू द्या, आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबा.