सोपी दहावी कुठली?

‘मॅडम, दहावी करायचीय, सगळ्यात सोपी कुठली?’ शाळा सुटून बरीच वर्षं झालेली माणसं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. कुणी सांगितलेलं असतं १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून राज्य मंडळाची परीक्षा द्यायचा फॉर्म भर, कुणी म्हणतं मुक्त विद्यालयातून कर, आणि एखादा ‘महिन्याभरात पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचा नंबर खिशात कोंबतो. (त्या नंबरावर फोन करू नका. परीक्षेला न बसता मिळणारं प्रमाणपत्र पहिल्याच पडताळणीत उघडं पडतं.) मी उलट विचारते, हा दहावीचा कागद नेमका कुणाच्या टेबलावर ठेवायचाय?

देवगड तालुक्यातल्या एका घरातले वहिनी आणि दीर एकदमच आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. वहिनी एकतीस वर्षांची, नववीत शाळा सुटली ती सुटलीच. दीर बाविशीचा, ट्रॉलरवर खलाशी. ‘गणित माका कधीच जमूक नाय,’ ही वहिनीची पहिली तक्रार. मुक्त विद्यालयात गणित सोडता येतं, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं. त्यावर दीर म्हणाला, ‘मग वयनी भरता तोच फॉर्म मी पण भरतंय.’

वहिनीला व्हायचं होतं अंगणवाडी मदतनीस. तिला वाटत होतं दहावी पुरेल. पूर्वी त्याहून कमीवरही चालायचं, पण २०२३ च्या शासन निर्णयापासून मदतनीस पदालाही बारावी लागते, त्याच गावची रहिवासी असावं लागतं आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ आहे. म्हणजे तिचा खरा सामना गणिताशी नव्हता, घड्याळाशी होता. दहावी आणि बारावीच्या परीक्षांत दोन वर्षांचं अंतर लागतं, ते कुणाला चुकत नाही. एकतीस, त्यात एक, त्यात दोन, असा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडला. जमतं, पण एकही वर्ष वाया घालवायला नाही.

१७ नंबरने राज्य मंडळाची दहावी द्यायची तर तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळंच आलं. अंगणवाडीच्या जाहिरातीला दहावीचं गणित लागत नाही, मग ते ओझं कशाला वाहायचं? तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, योग्य होती. दहावीला मराठी माध्यम आहे, पाच विषय पुरतात, गृहविज्ञानासारखा तिच्या कामाचा विषय घेता येतो. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एखादा विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, नोंदणी पाच वर्षं चालते. बारावी मात्र मी तिला १७ नंबरने कला शाखेतून, मराठीतच द्यायला सुचवलं आहे. निवड गुणांवर होते, म्हणून तिथे नुसतं पास होऊन भागणार नाही. शिवाय गावात जागा निघेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, हेही तिला तोंडावर सांगितलं. आशा स्वयंसेविकेचा विचार दहावीनंतरच करता येतो, तो रस्ता तिने मनात ठेवावा.

आता दीर. तोच फॉर्म भरला असता तर त्याचं नुकसान झालं असतं. त्याला मर्चंट नेव्हीत जीपी रेटिंगला, म्हणजे व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून लागण्याच्या प्रशिक्षणाला, जायचं होतं. तिथे दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी असावंच लागतं, इंग्रजीत किमान ४० टक्के. गणिताशिवायची दहावी त्याच्या हातात दिली, तर ती बोटीच्या शिडीपर्यंतही पोचत नाही. त्यातून त्याची गुणपत्रिका बघितली तर तो शाळा सोडून गेलेला नव्हताच, गणित आणि इंग्रजीत नापास झालेला होता. अशाला १७ नंबर लागत नाही. जुन्याच शाळेतून पुनर्परीक्षार्थी म्हणून फक्त राहिलेले दोन विषय द्यायचे. घरातल्या कुणाला हे माहीत नव्हतं. पुरवणी परीक्षा पावसाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास होते, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. अभ्यासाला याहून चांगला वेळ खलाशाला कुठला मिळणार! पण त्याला पहिलं काम दिलं ते डोळे तपासायचं. रंगांधळेपणा निघाला तर जहाजावर घेत नाहीत, मग गणिताचे क्लास लावून फुकट पैसे का घालवा? डोळे ठीक निघाले. इंग्रजीत पस्तीसला पास होतो, तरी त्याने पन्नासवर नजर ठेवूनच अभ्यास करायचा, असं बजावलं.

सोबत म्हणून आलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. मीच विचारलं, ‘तुम्हाला काही शिकायचंय का?’ ‘माका दहावी नको. बचत गटाच्या वयत काय लिवतत ता वाचूक येवक व्हया.’ त्यांच्यासाठी उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव द्यायचं. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी असते, पण त्यांना वहीचं पान कळलं की झालं. तिघांत सर्वात आधी त्यांचं काम होईल.

वहिनीचा फॉर्म अडला तो भलत्याच ठिकाणी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बायकांच्या बाबतीत हे नेहमीचंच, आणि शेवटच्या आठवड्यात कळलं की मुदत जाते. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नव्हता, त्यासाठी ग्रामपंचायतीत खेपा घालाव्या लागल्या. म्हणून भेटायला येणाऱ्यांना मी आता फोनवरच सांगते. ज्या नोकरीसाठी धावताय तिची जाहिरात, जुनी गुणपत्रिका असेल तर ती, शाळेचा दाखला, आधार आणि लग्न झालेल्या बाईने विवाहाचा दाखला. गुणपत्रिका हरवली असेल तरी या, शाळेच्या दप्तरात नोंद सापडते.