'लय बह्याड गेम हाय' : शिवी की शाबासकी?

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. "माझा पुतण्या आणि त्याचे मित्र सेकंडहँड कॉम्प्युटरवर 'गॉथिक' नावाचा जुना गेम खेळतात. कसा आहे विचारलं, तर म्हणतात, 'लय बह्याड गेम हाय.' आणि जेवायला हाका मारून मारून घसा बसला तरी उठत नाहीत. बह्याड म्हणजे वेडा, मूर्ख. इतक्या आवडीच्या गोष्टीला हा शब्द कसा? पोरं चुकीचं बोलतात का? प्रमाण मराठीत अशा गेमला काय म्हणतात?"

भाऊ, पोरं बरोबर बोलतात. इतकं नेमकं बोलतात की तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला.

बह्याड हा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या पट्ट्यातला रोजच्या तोंडचा शब्द. नागपूरकडे सरकलं की तेच काम 'भैताड' करतो. कोशात बघायला गेलात तर फार तर 'वेडा' एवढाच अर्थ हाती लागेल, पण बोलण्यात तो तेवढ्यावर थांबत नाही. मूर्खाला कळतच नाही. बह्याडाला कळतं, पण त्याचं मन ऐकत नाही. ज्याला काहीच जमत नाही त्याला आपण 'मठ्ठ' म्हणतो, 'येडं' म्हणतो. बह्याड सहसा त्याला म्हणतो ज्याने झेपेल त्यापेक्षा मोठं काहीतरी अंगावर घेतलं आहे. कोरडवाहू वावरात संत्र्याची बाग लावायला निघालेल्याला सारं गाव बह्याड म्हणतं. विहिरीला पाणी नाही, ओलिताची सोय नाही, आणि हा कलमं घेऊन आला! पण त्याच्या झाडांना मृगबहार धरला की पाहायला जाणारेही तेच गावकरी असतात, आणि तेव्हाही शब्द बदलत नाही. "बह्याड हाय लेकाचा," हेच वाक्य, फक्त सूर निराळा.

म्हणून या शब्दात दोष आणि झेप एकाच जागी बसलेले असतात. तुमच्या पुतण्याच्या गेमला तो का शोभतो हे समजायला तो गेम थोडा जवळून पाहावा लागेल.

'गॉथिक' 2001 मधला, जर्मनीतल्या पिरान्हा बाइट्स या छोट्या कंपनीचा. हा भूमिका घेऊन खेळायचा गेम, म्हणजे आपण कथेतला एक माणूस व्हायचं, त्याला घडवायचं, कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते ठरवायचं. जादूच्या घुमटाखाली बंद झालेली खाणकैद्यांची वसाहत आणि तिथे नव्याने टाकलेला आपण. वापरायला हा गेम अतिशय अडचणीचा. जमिनीवरची साधी वस्तू उचलायची तरी कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरून दुसरं दाबावं लागतं. सामानाच्या यादीत माउस उपयोगाचा नाही. पहिला तासभर बोटं नुसती अडखळतात, आणि पुष्कळ लोक तिथेच सोडून देतात.

आता दुसरी बाजू. आमच्या गावातल्या एका ओसरीवर हा गेम चाललेला मी पाहिला आहे. खेळणाऱ्या पोराने वसाहतीतल्या कुणाच्या तरी झोपडीत पाय टाकला, तर शेजारचा ओरडला, "अबे, त्याच्या घरात काहून घुसून राह्यला? मारीन नं तो!" आणि खरंच, झोपडीवाला आला, आधी दम दिला, तरी हा हलेना तेव्हा त्याने हाणलं. जीव घेतला नाही, पाडलं, खिसा रिकामा केला आणि आपल्या कामाला लागला. तिथली माणसं दिवसा काम करतात, संध्याकाळी शेकोटीशी बसतात, रात्री झोपतात. 2001 साली हे फार थोड्या गेममध्ये होतं. त्याहून मला आवडलेली गोष्ट तलवारीची. सुरुवातीला आपला माणूस एका हाताची तलवार दोन्ही हातांनी, काठी धरावी तशी धरतो. उस्तादाकडे जाऊन शिकला की त्याची पकड बदलते, उभं राहणं बदलतं. आकडा वाढल्याचं सांगायची गरज उरत नाही, ते अंगावर दिसतं. ज्यांनी एवढं बारीक पाहिलं त्यांनाच सामानाची यादी धड करता आली नाही. याला दुसरा शब्द आहे का? बह्याड!

(मधेच एक व्याकरणाची गोष्ट. त्या पोराने 'मारील' न म्हणता 'मारीन' म्हटलं. वऱ्हाडीत तृतीय पुरुषाचा भविष्यकाळ असाच होतो: तो येईन, पाऊस पडन. शाळेत याला चूक म्हणून खुणा करतात. ती चूक नाही, बोलीचा नियम आहे.)

प्रमाण मराठीत काय म्हणावं, याकडे येतो. 'सदोष' हा तपासणीच्या अहवालातला शब्द, त्यात प्रेम बसत नाही. 'ओबडधोबड' फक्त पृष्ठभागाबद्दल बोलतो; दगड ओबडधोबड असतो, पण दगडाने कुठे झेप घेतलेली नसते. 'रांगडा' मध्ये कौतुक आहे, पण त्यात चूक नाही, उलट ताकद आहे. 'अर्धवट' थोडा जवळ येतो, कारण आपण अपुऱ्या कामालाही अर्धवट म्हणतो आणि कमी डोक्याच्या माणसालाही. मात्र त्यात आपुलकी औषधालाही नाही. माझ्या मते सगळ्यात जवळचा 'वेडावाकडा'. या जोडशब्दात वेड आणि वाकडेपण भाषेनेच शेजारी आणून बसवले आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहायचं असेल तर 'वेडावाकडा गेम' लिहा, तो समजेल. पण वेडावाकडा हे केलेल्या वस्तूचं वर्णन आहे, तर बह्याड करणाऱ्याच्या धाडसापर्यंत पोचतो. हा फरक मला मोठा वाटतो.

जगभरचे चाहते अशा गेमना 'जँक' म्हणतात, आणि जर्मनी, पोलंड, रशिया इकडून आलेल्यांना 'युरोजँक'. हा शब्द मराठीत जसाच्या तसा आणू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर तो 'जंक फूड'मधला जंकच वाचला जाणार, म्हणजे कचरा, आणि चाहत्यांच्या मनात नेमकं उलट आहे. दुसरं, तो प्रदेशावर शिक्का मारतो. ट्रॉयका आणि ऑब्सिडियन या दोन्ही कंपन्या कॅलिफोर्नियातल्या, आणि या जातीचे सर्वांत लाडके गेम त्यांच्याकडूनच आलेले आहेत.

ट्रॉयकाचं उदाहरण तर या शब्दासाठीच घडलं असावं. 1997 चा 'फॉलआउट' हा गेम घडवणाऱ्यांपैकी तिघांनी ती कंपनी काढली. तिचा शेवटचा गेम 'व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'. तो त्यांनी 'हाफ-लाइफ 2' या बहुचर्चित गेमसाठी तयार होत असलेल्या, स्वतःच अजून पूर्ण न झालेल्या इंजिनावर (म्हणजे गेम ज्याच्यावर उभा राहतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर) बांधला, आणि 16 नोव्हेंबर 2004 ला, नेमका 'हाफ-लाइफ 2' च्याच दिवशी तो बाजारात आला. त्या गर्दीत त्याच्याकडे कोण पाहणार? गेम चुकांनी भरलेला, उत्तरार्ध घाईत उरकलेला, शेवटाकडे तर तो अडकून बंद पडायचा. 2005 मध्ये कंपनीच मिटली.

पण त्यात मल्काव्हियन नावाचं एक कुळ आहे, वेड लागलेल्या रक्तपिपासूंचं. ते कूळ निवडलं की आपल्या तोंडची सगळी वाक्यं बदलतात. रस्त्यावरच्या 'थांबा'च्या पाटीशी आपलं भांडण होतं. टीव्हीवर बातम्या देणारा माणूस अचानक आपल्याशीच बोलू लागतो. समोरच्या माणसांची गुपितं आपण बोलता बोलता फोडत असतो आणि ते आपल्याला दुसऱ्या खेपेला खेळताना कळतं. गेम वेळेत पुरा होत नव्हता, आणि हे लोक जेमतेम काही खेळाडू निवडतील अशा कुळासाठी अख्खे संवाद पुन्हा लिहीत बसले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे यांना कुणी सांगितलं नसेल असं नाही. कंपनी गेल्यावर जर्मनीतला एक चाहता वर्षानुवर्षं त्या गेमची दुरुस्ती करत राहिला आणि आज लोक तीच दुरुस्त आवृत्ती खेळतात. ऑब्सिडियनच्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक 2' चंही तेच. घाईत कापून टाकलेले प्रसंग चाहत्यांनी फायलींतून शोधून परत जोडले. चांगल्या घोटीव गेमसाठी असं कुणी करत नाही, त्याला गरजच नसते. बह्याडाच्या मागे मात्र कुणीतरी उभं राहावं लागतं.

तरी हा शब्द सरसकट वापरू नका. नुसता वाईट गेम बह्याड होत नाही. कसोटी माझ्यापुरती अशी आहे: दोष ज्या हावेतून आला त्याच हावेतून गुण आला आहे का? आला असेल तर बह्याड. जिथे हावच नाही, दुसऱ्याचं पाहून उरकलेलं काम आहे, तिथे 'फालतू' पुरे. आणि 'बोगस' तर वेगळाच. बोगस बियाणं काय असतं हे विदर्भात कुणाला समजवायला नको. त्यात फसवणूक असते. 'सायबरपंक 2077' डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) त्याची इतकी दुर्दशा होती की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला. तेव्हा पैसे मोजलेल्याच्या तोंडी 'बोगस' आला असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पुढे 2023 पर्यंत दुरुस्त्या होत होत तो गेम सावरला आणि आज त्याचेही चाहते आहेत. गेम तोच, शब्द मात्र विकणाऱ्याच्या वागण्यावर ठरला.

एका आकड्याबद्दल मला अजून राग येतो, तो इथे सांगतो. ऑब्सिडियनचा 'फॉलआउट: न्यू व्हेगस', 2010 चा. साधारण दीड वर्षात उभा केलेला, सुरुवातीला चुकांनी गांजलेला, पण खेळणाऱ्याच्या निर्णयाला इतकं वजन देणारा की आजही लोक त्याच्या टोळ्यांवरून वाद घालतात. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरपैकी 85 झाली तर कंपनीला बोनस मिळणार होता. झाली 84. बह्याडाला मार्क देण्याची पद्धत गुणपत्रिकेत नसते, चाहत्यांच्या तोंडी असते, आणि म्हणूनच त्यासाठी स्वतंत्र शब्द असणं मला एवढं गरजेचं वाटतं.

वेडाचा शब्द मायेने वापरायची रीत आपल्या भागात आजची नाही. मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना तेराव्या शतकात लोक वेडे म्हणत, पिसे म्हणत, आणि तेच लोक त्यांना माय म्हणत, बाप म्हणत. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटाने त्यांच्या चरित्रात हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. गेमची आणि श्रीप्रभूंची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. एवढंच सांगायचं आहे की तुमच्या पुतण्याच्या वाक्यात जो सूर आहे तो त्याने मोबाइलवरून उचललेला नाही, तो इथल्याच मातीतला आहे. एक काळजी मात्र घ्यावी. ज्याचं मन खरोखर आजारी आहे अशा माणसाला हा शब्द लावू नये, मायेनेही नाही. गेमला, बागेला, धाडसाला लावावा.

राहिला लिहिण्याचा भाग. विशेषण म्हणून बह्याड बदलत नाही: बह्याड पोट्टा, बह्याड पोट्टी, बह्याड गेम. भाववाचक नाम वऱ्हाडीत 'बह्याडपना', प्रमाण लेखनात 'बह्याडपणा', दोन्ही चालतील. काही जण 'बयाड' लिहितात, पण आपल्याकडच्या उच्चारात ह स्पष्ट ऐकू येतो म्हणून मी 'बह्याड' लिहितो. पुतण्याला निबंधात हा शब्द वापरायचा असेल तर बिनधास्त वापरू द्या, अवतरणचिन्हात घालायला लावू नका. गुरुजींनी खाली रेघ मारली तर हे उत्तर त्यांना दाखवा.