मोडीच्या संकेतस्थळासाठी वर्गणी मागताना

बडोदे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणाऱ्या मंडळींचं संकेतस्थळ आता पदरमोड करून चालत नाही, तेव्हा वाचकांकडे देणगी मागावी का, असं तू विचारलं आहेस. जरूर माग. पण 'यथाशक्ती मदत करा' असं मोघम मागू नकोस. वर्षाचा खर्च किती, तो कशाकशाचा, आणि आजवर त्यातले किती जमले, हे समोर नसलं की वाचक हात आखडता घेतो. त्याचं तरी काय चुकतं?

मागण्याआधी खर्च कापून घे. तुझ्याकडे जागा खातात ती कागदांची चित्रं. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं की २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात. रंगीत आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाइल सुमारे २६ एमबीची, तीच जेपेगमध्ये साधारण ३ एमबीची. वाचणाऱ्याला पडद्यावर इतकं लागत नाही. वेबपी या हलक्या चित्रप्रकारातली १,६०० ठिपके रुंदीची प्रत ३५० केबीच्या आसपास बसते आणि तीवर अक्षर नीट लागतं. १०,००० पानं धरली तर ३० जीबीऐवजी साडेतीन जीबी सर्व्हरवर राहतात. मूळ फाइली स्वस्त साठवणुकीत आणि घरच्या हार्ड डिस्कवर ठेव, मागेल त्याला दे. मात्र जागा वाचवायला निव्वळ काळं-पांढरं स्कॅन करू नकोस. बोरूची शाई जिथे फिकी पडली आहे तिथे अक्षरांना जोडणारी बारीक रेघ त्यात उडून जाते, आणि मोडी वाचताना अडतं ते नेमकं तिथेच. ६०० डीपीआयचा हट्टही सोड, फाइल चौपट होते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला (पत्त्याआधी https दिसतं ते त्यामुळेच) पैसे मोजत असशील तर तेही थांबव. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं, फक्त त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना ते बघत राहा.

मग उरलेला खर्च कागदावर मांड. समजा, डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, वर्षाला १,००० रुपये. सर्व्हर महिना ९०० म्हणजे १०,८००. बॅकअपची जागा महिना २५० म्हणजे ३,०००. ६,००० ची हार्ड डिस्क तीन वर्षं चालेल असं धरून २,०००. झाले १६,८००. अडीअडचणीला ३,२०० धर, म्हणजे २०,०००. मागायची ती एवढीच रक्कम. डोमेनचा पहिल्या वर्षाचा भाव बघून फसू नकोस, नूतनीकरणाचा भाव बराच जास्त असतो आणि हिशेबात तोच घ्यायचा. सर्व्हर परदेशी कंपनीचा असेल तर बिल डॉलरमध्ये येतं, बँक चलनबदलाचे वर दोन-तीन टक्के लावते. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून आपल्या कार्डांवरच्या आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांची मासिक वसुली अधूनमधून अडकते. बिल थकलं की सर्व्हर बंद, आणि कळतं ते एखाद्या वाचकाचा फोन आल्यावर. शक्य तर रुपयांत बिल देणारी कंपनी घे, नाहीतर वर्षाचे एकदम भर.

आता पैसे घ्यायचे कुठे? सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या पगाराच्या खात्यात अजिबात नको. नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्या व्यक्तीला आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, की वरचीच नव्हे, सगळी रक्कम तिचं करपात्र उत्पन्न धरली जाते. त्यात तुला मिळालेल्या इतर भेटीही मोजल्या जातात. तुझं उद्दिष्ट २०,००० चं आहे, म्हणून आज भीती नाही, पण पगार, भाजी आणि देणगी एकाच पासबुकात आली की वर्षाअखेरी तुलाच उलगडा होणार नाही. तू आणि मंडळींपैकी आणखी एक, अशा दोघांच्या नावाचं वेगळं बचत खातं उघड. दोघांच्या सहीशिवाय न चालणाऱ्या खात्याला यूपीआय मिळत नाही, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीच्याला मिळतं. म्हणजे सहीचा लगाम जातो. त्याच्या बदल्यात एक कर: व्यवहार एकाने करायचे आणि महिन्याचं स्टेटमेंट दुसऱ्याने स्वतः बँकेतून उतरवून वहीशी ताडायचं. पहिल्याने पाठवलेलं स्टेटमेंट चालणार नाही.

याहून सोपी वाट म्हणजे शहरातल्या एखाद्या नोंदणीकृत मराठी मंडळाला विनंती करायची. त्यांच्या खात्यात या कामापुरता राखीव निधी, त्यांचीच पावती, त्यांचंच ऑडिट. अट लेखी घे, नाहीतर तुमचा निधी सभागृहाच्या रंगकामात जायचा. स्वतःची संस्था काढायची घाई नको. १८६०च्या कायद्याखाली सोसायटीला किमान सात माणसं लागतात, गुजरातेत चॅरिटी कमिशनरकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, आणि मग दरवर्षी ऑडिट. २०,००० जमवायला एवढा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हातात नसेल तर 'करसवलत मिळेल' हे शब्द चुकूनही लिहू नकोस.

भारतातल्या वाचकांसाठी यूपीआय पुरे. थेट यूपीआयने आलेल्या पैशाला कट नाही. पेमेंट गेटवेवर, म्हणजे पैसे वसूल करून देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, कार्ड घेतलंस तर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० मागे ११ रुपये ८० पैसे. कार्ड ठेवण्यात आणखी एक काटा आहे. चोरलेली कार्डं चालू आहेत का हे बघायला भामटे देणगीची पानं वापरतात. एका रात्रीत दहा-दहा रुपयांच्या शेकडो देणग्या दिसल्या तर हुरळून जाऊ नकोस. ते पैसे परत जातात आणि दंड तुझ्या माथी येतो. कार्ड ठेवायचंच असेल तर किमान रक्कम ५० कर आणि कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारी चाचणी) लाव.

क्यूआर चिकटवून काम संपत नाही. निम्म्याहून जास्त वाचक मोबाइलवर असणार, आणि आपल्याच पडद्यावरचा कोड आपल्याच फोनने टिपता येत नाही. म्हणून कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत दे, दाबल्यावर उचलला जाईल असा. बाजूला लिही: 'पैसे पाठवण्याआधी हे नाव दिसेल, दुसरं दिसल्यास थांबा.' बैठकीत छापील कोड ठेवत असशील तर दर वेळी स्वतः एक रुपया पाठवून बघ, वर दुसरा कागद डकवायला कुणाला वेळ लागत नाही. रोख आली तर नक्कल राहणारं पावतीपुस्तक वापर आणि आठवड्याच्या आत बँकेत भर.

दर महिन्याला ५० रुपये आपोआप कापणारं ऑटोपे ठेवावं असं तुझ्या मनात दिसतंय. माझं मत विरुद्ध आहे. दर वेळी पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते, म्हणजे वर्षातून बारा वेळा माणसाला 'हे बंद करावं का?' असं तूच विचारतेस. त्यापेक्षा वर्षातून एकदा माग, पंधरा दिवस माग, आणि गप्प बस.

वेळ बघून माग. गणपतीच्या सुमाराला नको, तेव्हा मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत दारोदार पावतीपुस्तकं फिरत असतात. मार्चअखेर नको. दिवाळीचा खर्च विसरला गेला की जानेवारी बरा. आवाहनाची चौकट पानाच्या शेवटी, लिप्यंतराखाली. वाचकाला आजोबांच्या पत्रातली अडलेली ओळ नुकतीच लागलेली असते, तेव्हा तो देतो. आत शिरताक्षणी तोंडावर आपटणारी चौकट नको. मजकूर साधारण असा ठेव: 'या वर्षाचा खर्च २०,००० रुपये. आजवर जमा ७,३५०. १०१, २५१, ५०१ किंवा मनाला येईल ती रक्कम. न दिल्यास काहीही बंद होणार नाही, सगळी पानं सगळ्यांना खुलीच राहतील.' जमेचा आकडा रोज रात्री बदल. तीन दिवस तोच आकडा दिसला की लोक समजतात, हे पान कोणी बघतच नाही.

किती जण देतील? नेहमी येणारे १,५०० असतील तर ४० जणांचाच हिशेब धर, सरासरी ५००. जास्त आले तर आनंद.

जमाखर्च त्याच संकेतस्थळावर उघडा ठेव. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक, तारीख आणि रक्कम एवढंच लिही: '१२ जानेवारी, ५०१, ४४०७.' देणाऱ्याला आपली ओळ सापडते आणि शेजाऱ्याला नाव कळत नाही. नाव फक्त परवानगी दिलेल्यांचं, आणि आकड्याशिवाय. १०१ वाल्याला ५,००१ वाल्याच्या शेजारी उभं करू नये. खर्चाच्या बाजूला बिलाचं चित्र लाव, पत्ता आणि खाते क्रमांक झाकून.

देणगीदारांना खास सवलती नकोत. उद्या कोणी म्हणेल, मी १,००० दिले, आमच्या घराण्याचं बाड आधी वाचा. नियम आधीच लिहून ठेव की कागदाची पाळी तो चढवल्याच्या तारखेने लागते. निवृत्तीनंतर रोज दोन पानं उलगडून देणारे जे काका आहेत, त्यांच्या कामाची किंमत तुझ्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही. पैशाला बिल्ला दिलास तर ते उठून जातील.

एखादा रावपुऱ्यातला व्यापारी म्हणेल, सगळे २०,००० मी देतो, फक्त दुकानाचं नाव वर टाका. इथे दोन गोष्टी बघ. 'अमुक यांच्या स्मरणार्थ' एवढीच कृतज्ञता असेल तर ती देणगी, हे जीएसटीच्या २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. दुकानाची जाहिरात झाली की तो व्यवहार. दुसरं म्हणजे, पुढच्या वर्षी त्याने हात वर केले तर वाचकांना द्यायची सवयच उरलेली नसेल. बडोदा संस्थानात १९१० पासून ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, तेव्हा सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून आणलेल्या ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हाताखाली तत्त्व असं होतं की गावाने आपला वाटा जमवावा, तेवढाच प्रांताच्या पंचायतीने घालावा आणि तेवढाच सरकारने. तिजोरीला भार सोसला नसता असं नाही, पण पहिला वाटा वाचणाऱ्यांचा हवा होता. व्यापाऱ्यालाही हेच सांग: वाचकांच्या प्रत्येक रुपयामागे तुमचा एक रुपया, ५,००० पर्यंत. एका माणसाकडून पाव हिश्श्याच्या वर घ्यायचं नाही.

न्यू जर्सीतली मंडळी विचारतीलच. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात. पासपोर्ट परदेशी झाला की, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घ्यायची नाही. पानावर एक ओळ लिहून मोकळी हो. त्यांच्याकडून घरातले जुने कागद माग, ते जास्त मोलाचे आहेत.

२०,००० भरले की आवाहनाची चौकट त्याच दिवशी काढ, दोन दिवस उरले असले तरी. वर आलेले पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढ आणि पुढचं उद्दिष्ट तेवढ्याने कमी कर. शिल्लक एका वर्षाच्या खर्चाइतकी झाली तर त्या वर्षी मागूच नकोस. कमी पडले तर आधी बॅकअपची दुसरी प्रत स्वस्त ठिकाणी हलव, सर्व्हरला शेवटी हात लाव. आणि संकेतस्थळ बंदच करावं लागलं तर फाइली कुणाकडे जातील आणि उरलेले पैसे कुठे, हे आजच लिहून पानावर लाव.

डोमेन कुणाच्या नावावर आहे ते या आठवड्यात बघून घे. सोडून गेलेल्या एखाद्याच्या ईमेलवर असेल तर मुदत संपल्याची पत्रं तिकडेच जात राहतील. ते दोघांना उघडता येईल अशा ईमेलवर हलव आणि पहिल्या वर्गणीतून पाच वर्षांचं एकदम भरून टाक.

तुझा,
काका