शाळेतला भोंडला आणि दिवाळी: नव्या बाईंसाठी
भोंडला मैदानावर असेल तर पहिल्या तासालाच उरका. ऑक्टोबरचं ऊन 10 नंतर पोरांना सोसत नाही. हत्तीचा पाट मधोमध, पण एका फेरात 20-25 च्या वर मुलं नकोत. गाणं रंगात आलं की फेर ओढला जातो, एकीचा हात सुटतो आणि मागच्या तिघी पडतात. पहिली-दुसरीचा फेर वेगळाच ठेवा.

खिरापतीत काय काय आहे ते पालकांकडून लिहून घ्या, चिठ्ठी मात्र तुमच्याकडेच. नाहीतर ओळखायची मजा गेली! दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांची यादी आधीच हवी. कोशिंबिरीतही कूट असतं, हे हमखास विसरलं जातं.

पणत्या मुलांनी रंगवाव्यात, तेही बाहेरूनच, पेटवाव्यात मोठ्यांनी. कोऱ्या पणत्या आधी पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे तेल कमी पितात. परकर-ओढण्या दिव्यांपासून चांगल्या 4-5 फूट लांब, शेजारी वाळूची बादली. भाजलंच तर 20 मिनिटं नळाच्या धारेखाली; टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फुलबाज्या शाळेत नकोतच. विझलेली तारही बराच वेळ चटका देते, आणि ती नेमकी अनवाणी पायाखाली येते.