इंग्लंडच्या रक्ताच्या लॅबमध्ये यायचं असेल तर

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, त्यावर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), साताऱ्याकडच्या रक्तपेढीत पाच वर्षं नोकरी, नवरा, तीन वर्षांची मुलगी, आणि एक एजंट, जो म्हणतो की आधी इंग्लंडात एमएस्सीला जा, मग नोकरी लागतेच. तू तीन गोष्टी विचारल्यास: एमएस्सी करू का, तिथलं काम जमेल का, आणि घर चालेल का. मी अकरा वर्षांपूर्वी मिरजेहून इथे आले. मिडलँड्समधल्या एका सरकारी रुग्णालयात आहे, निम्मा वेळ हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्ताच्या तपासण्यांत, आणि निम्मा ट्रान्सफ्यूजनमध्ये, म्हणजे रुग्णांना रक्त पुरवण्याच्या कामात. जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

एमएस्सीचं आधी, कारण पैसे तिथेच बुडतात. इथे ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, हिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही आणि त्या जागेवर कामही करता येत नाही. नुसत्या एमएस्सीने हे नाव लागत नाही. इथल्या मुलांनासुद्धा आयबीएमएस या आमच्या व्यवसायाच्या संस्थेने मान्य केलेली बीएस्सी लागते आणि वर मान्यताप्राप्त लॅबमध्ये ट्रेनिंगचा पोर्टफोलिओ पुरा करावा लागतो. त्या ट्रेनिंगच्या जागा मोजक्या असतात. आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं घरावर कर्ज काढून एमएस्सीला येतात आणि नंतर लॅब असिस्टंट म्हणून बँड २ किंवा ३ वर, म्हणजे पगाराच्या खालच्या पायऱ्यांवर, सॅम्पलं लावत बसतात. ते काम हलकं नाही, पण त्यासाठी कुणी लाखो रुपये मोजायला नकोत. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएस्सीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना नवराबायको किंवा मुलं बरोबर आणता येत नाहीत. एजंटने हे तुला सांगितलं नसेल तर त्याच्याशी पुढे बोलूच नकोस.

तुझा रस्ता सरळ आहे: साताऱ्यात बसूनच एचसीपीसीकडे परदेशी अर्जदार म्हणून अर्ज कर. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. लेखनाचा पेपर आपल्याला नडतो, त्याची तयारी मनापासून कर. मग तुझं शिक्षण आणि अनुभव त्यांच्या निकषांना लावून तपासतात. हे निकष सप्टेंबर २०२३ पासून नवे आहेत, ते एकदा ओळ न ओळ वाच. त्यांना रक्तपेढीची तज्ज्ञ नको असते, सगळ्या लॅबची जाण असलेली व्यक्ती हवी असते. म्हणजे बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची तपासणी), इम्युनॉलॉजी, ट्रान्सफ्यूजन, सगळं थोडंथोडं तरी दिसायला हवं. रक्तपेढीत अडकलेल्या माणसाचा अर्ज इथेच अडखळतो. तुझ्या बीएस्सीत सूक्ष्मजीव भरपूर आहेत, पण हिस्टो दिसत नाही. जमलं तर सहा महिने एखाद्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम कर, आणि काय केलंस ते तारखेसकट लिहून वरिष्ठांची सही घे. लॅबला एनएबीएलची मान्यता असेल तर उत्तमच, कारण लॅबच्या दर्जाचा आयएसओ १५१८९ हा मापदंड तिथला आणि इथला एकच.

अभ्यासक्रमाचे कागद मात्र आजच मागायला लाग. कुठल्या विषयाला किती तास थिअरी, किती प्रॅक्टिकल, हे कॉलेजच्या शिक्क्यानिशी लागतं. माझ्या वेळी विद्यापीठाच्या खिडकीवर मला सात चकरा माराव्या लागल्या आणि एका कागदापायी चार महिने गेले. तो कागद हातात येईपर्यंत नोकरी सोडू नकोस. अर्ज मंजूर होतो, नाकारला जातो, किंवा ‘इतकं कमी आहे, ते भरून काढा’ असं उत्तर येतं. तसं आलं तर खचून जाऊ नकोस, पण ती भरपाई करायला लॅब तुलाच शोधावी लागते हे लक्षात ठेव.

नोंदणी झाली की नोकऱ्यांच्या जाहिराती एनएचएस जॉब्सवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) संकेतस्थळावर, उघड्यावर असतात. मुलाखती ऑनलाइन होतात. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नाहीत असा इथल्या सरकारी भरतीचा नियम आहे. त्यामुळे ज्याने पैसे मागितले, त्याला नमस्कार कर आणि ऊठ.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि खरं तर मला याच्यावरच लिहायचं होतं. तू लिहिलंस, ‘तिकडची मशीनं वेगळी असतील, जमेल ना?’ मशीनं आठवड्यात जमतात. रक्तगट तपासायचं जेल कार्ड तेच, सेंट्रिफ्यूज तेच, शीतकपाट तेच. वेगळं आहे ते हे, की शेवटचा शब्द तुझा असतो. गावी मी टेस्ट लावायचे, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट सरांची व्हायची, आणि अडलं की ‘सरांना विचारते’ म्हणून सुटायचे. इथे रिपोर्ट मीच मोकळा करते, रक्ताची पिशवी मीच देते. रात्री लॅबमध्ये मी एकटी असते. हिमॅटॉलॉजीचे डॉक्टर घरी, फोनवर असतात, आणि त्यांना कधी उठवायचं हेही मीच ठरवते.

माझी एकटीची पहिली रात्रपाळी. पहाटे पावणेतीनला लेबर वॉर्डमधून मोठ्या रक्तस्रावाचा फोन आला. बाळंतीण दुसऱ्या गावची, आमच्याकडे तिची नोंदच नव्हती. पाच मिनिटांत पोर्टर सॅम्पल घेऊन आला. फॉर्मवर जन्मतारीख १२, नळीवर हाताने लिहिलेली २१. बाकी नाव, नंबर, सगळं बरोबर. मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, रक्त मी स्वतः काढलंय, आकडे उलटे पडलेत, तू दुरुस्त कर, इथे बाई मरतेय. गावी असते तर मी पेन उचललं असतं, हे तुला खरं सांगते. माझ्या आधीच्या नोकरीत डॉक्टर ‘दे’ म्हणाले की आम्ही द्यायचो. इथे ट्रान्सफ्यूजनच्या नळीवरची चूक लॅबमध्ये कुणीही दुरुस्त करत नाही, कारण त्या नळीत नक्की कुणाचं रक्त आहे हे फक्त ते लेबलच सांगतं. मी म्हटलं, ‘हे सॅम्पल मी घेऊ शकत नाही. ओ निगेटिव्हच्या पिशव्या आत्ता काढून ठेवल्या आहेत, पोर्टर पाठवा, आणि त्याच्याच हाती नवीन सॅम्पल द्या.’ ते ओरडले. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. हात थरथरत होते, पण फोन ठेवायच्या आत दुसऱ्या हाताने प्लाझ्मा वितळायला टाकला होता, कारण त्याला वीसेक मिनिटं लागतात.

रक्ताचा पुरवठा थांबला नाही, हे त्यात महत्त्वाचं. नकार म्हणजे रुग्णाला ताटकळत ठेवणं नव्हे, नकाराबरोबर दुसरा सुरक्षित रस्ता आपणच द्यायचा असतो. पन्नाशीच्या आतल्या बाईला, गट कळेपर्यंत, ओ निगेटिव्ह आणि त्यातही केल निगेटिव्ह (पेशींवर ‘केल’ हा घटक नसलेलं) द्यायचं, म्हणजे पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका नको. तिच्या गटाचं रक्त द्यायला दोन वेगवेगळ्या वेळी काढलेली सॅम्पलं जुळावी लागतात. पोर्टरच्या हाती आलेल्या नव्या सॅम्पलनंतरचं दुसरं सॅम्पल साडेतीनला आलं, मग तिच्या गटाच्या पिशव्या सुरू केल्या. ती वाचली. ते डॉक्टर अजून इथेच आहेत. पुढच्या वेळी फोनवर त्यांनी आधी जन्मतारीख वाचून दाखवली.

या कडकपणामागे दुःख आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे तीस हजारांहून जास्त लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. त्याच्या चौकशीचा अंतिम अहवाल मे २०२४ मध्ये आला. आज प्रत्येक पिशवी कुणाकडून आली आणि कुणाला गेली, ही नोंद तीस वर्षं ठेवावी लागते. चुका, आणि होता होता टळलेल्या चुकासुद्धा, ‘शॉट’ नावाच्या राष्ट्रीय योजनेकडे कळवल्या जातात. ती १९९६ पासून चालू आहे. तिचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. मुलाखतीच्या आधी एक तरी पूर्ण वाच. प्रश्न त्यातूनच निघतात.

आता तांत्रिक तयारी. तू पाच वर्षांत जे केलंस, त्यातलं निम्मं इथल्या रुग्णालयात लागणार नाही. शिबिरं, डोनरचं रक्त काढणं, एलायझाने त्यातला संसर्ग तपासणं, पिशवीतून घटक वेगळे करणं, हे सगळं इंग्लंडमध्ये एनएचएस ब्लड अँड ट्रान्सप्लांट ही वेगळी संस्था करते. रुग्णालयाच्या लॅबमध्ये पिशव्या तयार येतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत, ३५ दिवस. प्लेटलेट्स २२ अंशांच्या आसपास, सतत हलत्या. आपलं काम रुग्णाच्या बाजूचं. आपल्याकडे प्रत्येक पिशवीचा क्रॉसमॅच करायची, म्हणजे ती रुग्णाच्या रक्ताशी प्रत्यक्ष जुळवून पाहायची, सवय असते. इथे आधी रुग्णाच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशींवर उठणारी अँटिबॉडी आहे का ते पाहतात. नसली आणि गट दोनदा जुळला, तर क्रॉसमॅच न करता संगणकावरून पिशवी दिली जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली होती. पण अँटिबॉडी निघाली तर ती कोणती, हे पॅनेलवरून, म्हणजे घटक माहीत असलेल्या दहा-अकरा नमुना पेशींच्या संचावरून, ओळखणं हे खरं कसब. तेच तू शिकून ये. कुठल्याही मोठ्या रक्तपेढीत विनंती करून पॅनेलचे जुने तक्ते सोडवायला घे, रोज एक. शिवाय इथे आरएच निगेटिव्ह लोक शंभरात पंधराच्या आसपास, आपल्याकडे पाचेक. त्यामुळे अशा गरोदर बायकांना अँटी-डीचं इंजेक्शन देणं आणि आईच्या रक्तात बाळाच्या किती पेशी आल्या ते मोजायची क्लाइहाउअर टेस्ट, ही रोजची कामं. साताऱ्यात ती तू क्वचितच पाहिली असशील.

पण तुझ्याकडे जे आहे तेही इथे कमी लोकांकडे आहे. मलेरियाची स्लाइड. पावसाळ्यात तू किती फाल्सिपेरम (मलेरियाचा घातक प्रकार) पाहिलेत ते आठव. इथल्या तरुण मुलांनी शिकताना मोजकेच पाहिलेले असतात, आणि प्रवासाहून आलेला ताप रात्री लॅबला आला की ते घाबरतात. मी नाही घाबरत. तूही घाबरणार नाहीस. सिकल सेलचंही तसंच, विदर्भात आणि नंदुरबारकडे काम केलेल्या आपल्या लोकांना ते पुस्तकाबाहेर माहीत असतं.

आणि बॉम्बे गट, म्हणजे ओ गटाच्या पेशींवरही असणारा एच हा घटकच ज्यात नसतो तो दुर्मीळ गट. दोन वर्षांपूर्वी एका आजींचं सॅम्पल आलं. गट ओ, पण स्क्रीनच्या (अँटिबॉडी आहे का ते पाहायच्या) तिन्ही पेशी जोरात चिकटल्या, पॅनेलच्याही सगळ्या, आणि त्यांच्या स्वतःच्या पेशी मात्र स्वच्छ. बाजूचे सहकारी दुर्मीळ अँटिबॉडीची नावं घेत होते. मी अँटी-एच लावला. काहीच नाही, नळी अगदी मोकळी. आपल्याकडे रिव्हर्स ग्रुपिंगला (रुग्णाच्या प्लाझ्मावरून गट पडताळताना) ओ पेशीही लावतात, म्हणून आपल्याला हे पहिल्याच पायरीला कळतं. इथे फक्त ए आणि बी लावतात. आजींना साधं ओ रक्त दिलं असतं तर जीव गेला असता. मी सहकाऱ्यांना सांगितलं की हा गट मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि त्या लेखात लंडनचे रक्तगट-संशोधक रेस आणि सँगरही होते. सॅम्पल रेफरन्स लॅबला गेलं, तिथून तेच उत्तर आलं. त्या दिवशी मला आपल्या शिक्षकांची फार आठवण झाली.

घरखर्चाचं थोडक्यात. नव्या माणसाला बँड ५ मिळतो. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात तो वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरू होत होता. कर, विमा, पेन्शन कापून महिन्याला हातात दोन हजारांच्या आसपास पडतात. रात्री आणि शनिवारी ३० टक्के, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ६० टक्के जास्त. स्पेशालिस्ट डिप्लोमा केलास की बँड ६ चा दरवाजा उघडतो, आणि अनुभवाच्या जोरावर काहींना तो थेटही मिळतो. हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार लागत नाही, घरच्यांनाही नाही. एरवी तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, तेव्हा ही बचत मोठी. खर्च घरभाड्याचा आणि पाळणाघराचा. मुलीला तीन वर्षं झाल्यावरच्या सत्रापासून आठवड्याला १५ तास सरकारी मिळतात, बाकीचे आपल्या खिशातून. म्हणून नवऱ्याची नोकरी लागेपर्यंतचे चार-सहा महिने पुरतील इतके पैसे गाठीला ठेवूनच निघा. लंडन सोडून कुठेही अर्ज कर. आमच्यासारख्या गावात भाडं निम्म्यावर येतं आणि लॅब लहान असल्याने सगळं शिकायला मिळतं.

रात्रपाळ्या आणि लहान मूल हे अवघड आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी सकाळी नऊला घरी यायचे तेव्हा तो शाळेत गेलेला असायचा. आठवड्यात तीन रात्री असल्या की तीन सकाळी त्याचा चेहरा दिसायचा नाही. तुझ्या नवऱ्याला हे आत्ताच सांग, नीट बसून, आणि त्याचं उत्तर ऐक.

बीएस्सी आणि डीएमएलटीच्या विषयांची यादी, तासांसकट, मला पाठव. एचसीपीसीच्या निकषांपुढे मांडून कुठे भोकं आहेत ते आपण दोघी पाहू. रविवारी तुझ्याकडच्या संध्याकाळी सहाला फोन कर. रात्रपाळी करून आले असले तरी तोवर मी उठलेली असते.