आजूबाजूचे सगळे वेगळं वागत असताना देवाशी विश्वासू कसं राहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर ख्रिस्ती, पहिलीच नोकरी, कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा, वर "एवढं काय त्यात?" म्हणणारे मित्र. चर्चच्या मंडळीतले मोठे सांगतात, बायबलमधल्या दानीएलासारखा हो. हे रोजच्या रोज जमवायचं कसं?

सलाम. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. पुण्याजवळच्या एका कारखान्यात लेथवर 28 वर्षं काढली. पाळक नाही, पंडितही नाही. जे सांगतो ते एका कामगाराचं समजा.

दानीएल, म्हणजे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेला यहुदी तरुण, उत्तमच, पण आपण त्याला ज्यांच्या गुहेत टाकलं ते सिंह तेवढे लक्षात ठेवतो. पहिला अध्याय सावकाश वाचा. बाबेलची भाषा आणि विद्या तो शिकला, राजाच्या चाकरीत राहिला, बेल्टशस्सर हे तिकडचं नावसुद्धा त्याने चालवून घेतलं, आणि त्या नावात त्यांच्या दैवताचा उल्लेख आहे. अडून बसला तो ताटापाशी, राजाच्या पंक्तीचं अन्न नको म्हणून. रेघ तिथेच का ओढली यावर आमच्या बायबल स्टडीत तासतासभर वाद झालेत. मला एवढंच दिसतं की रेघ एकच होती आणि ती कुठे ओढायची हे त्याने जेवायला बसायच्या आधी ठरवलं होतं.

मला स्वतःला यिर्मया जास्त उपयोगी पडला. रडका संदेष्टा म्हणून त्याला बाजूला ठेवतात, पण माणूस भलताच व्यवहारी. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून यहूदाचा राजा यहोयाखीन आणि हजारो लोक बाबेलला नेले. पवित्र शास्त्रात त्या यादीत कारागीर आणि लोहार यांचा मुद्दाम उल्लेख आहे, म्हणजे आमच्या जातकुळीचे लोक. (बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्यात, त्यांवर यहूदाच्या या राजाला दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. स्टोअरमधून माल निघाला की नोंद होतेच, तेव्हाही व्हायची.) तिकडे काही संदेष्टे त्यांना सांगत होते, आता लवकरच परत जायचंय. यिर्मयाने यरुशलेमहून पत्र धाडलं, ते त्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मुदत सांगितली 70 वर्षं. ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच शहरासाठी प्रार्थना! ऐकणाऱ्यांना ते किती झोंबलं असेल.

हे पत्र जगून दाखवलेले लोक आपल्याच कोकणात होते. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. गावावरून आडनावं घेतली, किहीमकर, पेणकर. लुगडं, मंगळसूत्र, मेंदी, सगळं शेजाऱ्यांसारखं. धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी घाणा बंद. शेजाऱ्यांनी मग त्यांचं नावच पाडलं, 'शनवार तेली'. त्यांनी गावाला धर्मशास्त्र समजावत बसल्याचं ऐकिवात नाही. घाणा बंद दिसायचा, एवढंच.

आता खंडेनवमी. मी पहिल्या वर्षी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी आदल्या दिवशी सुपरवायझरांना गाठून म्हटलं, "साहेब, मशीन मी चकचकीत करून देतो, पूजा मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातून करा." ते म्हणाले, "बरं." संपलं. तेव्हापासून दरवर्षी मी धातूच्या चिप्स झाडल्या, स्लाइडवेज पुसून तेल दिलं, झेंडूच्या माळेला दोरा धरला आणि आरतीला मागे उभा राहिलो. कुणी काही बोललं नाही. प्रसादाच्या पेढ्याबद्दल विचाराल तर आमच्यातच एकमत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचा, ते मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल आहेत, आणि तुमचं तुम्ही ठरवा. जो खातो किंवा खात नाही त्याला नावं ठेवू नका. आमच्या घरात मी एक वागतो, बायको दुसरं.

एवढ्यावर मी स्वतःला मोठा विश्वासू समजत होतो. आणि त्याच लेथशेजारच्या टेबलावर बसून मी इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायचो. बॅच 50 नगांची, बोअर म्हणजे आतलं भोक 25 मिलिमीटर, प्रत्येक नग मोजायचा. डिस्पॅचची गाडी दारात उभी. मी पाच नग मोजायचो आणि उरलेले पंचेचाळीस आकडे बसल्या जागी लिहायचो: 25.012, 25.014, 25.009. शेवटचा आकडा बदलत राहायचा, म्हणजे खरं वाटतं. खाली सही. सगळेच करायचे. हे दबाव आहे असं कधी वाटलंच नाही, कारण त्यात नारळ-उदबत्ती काही नव्हतं. मंडळीतही कुणी कधी विचारलं नाही. विचारायचे ते कुंकवाचं.

एका रविवारी यिर्मयाचा सातवा अध्याय वाचायची माझी पाळी आली. मंदिराच्या दारात उभं राहून तो म्हणतो की 'परमेश्वराचे मंदिर' असं तीनतीनदा घोकू नका. पुढे यादी देतो: चोरी, खून, व्यभिचार, खोटी शपथ, बआल या परक्या दैवतापुढे धूप. खोटी शपथ आणि बआलाचा धूप शेजारी शेजारी, एकाच दमात! उभ्याने वाचत होतो, आवाज बसला.

पुढच्या बॅचला मी मोजलेले पाच आकडे लिहिले आणि बाकीच्या रकान्यांत रेघ मारली. तेव्हा कळलं दबाव म्हणजे काय. "तू एकटाच हरिश्चंद्र का?" इथून सुरुवात झाली आणि ओव्हरटाइम सात महिने बंद. मुलीच्या क्लासची फी भरायची होती. सगळ्यात जास्त समजावलं ते आमच्याच मंडळीतल्या, त्याच शॉपमधल्या एका भावाने: "अरे, पूजा करत नाहीस ना? मग झालं की!" यिर्मयालाही त्या भाषणानंतर धरलं ते याजकांनी आणि संदेष्ट्यांनी. जिवावर उठले ते त्याच्या अनाथोथ गावचे लोक. सोडवायला आले ते सरदार आणि काही वडीलधारे. घरच्यांकडून शाबासकी मिळेल हा हिशेब धरू नका.

त्या सात महिन्यांत मी यिर्मयाचा विसावा अध्याय पुष्कळदा वाचला. तिथे तो देवाला तोंडावर म्हणतो, तू मला फसवलंस, आणि जन्मल्या दिवसाला शिव्या घालतो. असली प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं. मीही म्हटली, बायकोला ऐकू जाणार नाही अशी, मोरीत नळ सोडून.

तुम्ही खंडेनवमीच्या आधी साहेबांशी एकट्याने, साध्या शब्दांत बोलून घ्या. बहुतेक "बरं" म्हणतील. आणि येत्या महिन्याभरात तुमच्यापुढे सहीला कोणकोणते कागद येतात ते मला जरूर कळवा.